कडत, रुमाल आणि डेटाबेस

बेळगावातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत थोडा वेळ बसले की ‘कडत’ हा कन्नड शब्द कानावर पडतो. आपण ज्याला ‘फाइल’ म्हणतो आणि महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात जिला ‘नस्ती’ म्हणतात, तीच ही वस्तू. मूळचा कडत मात्र कागदाचा नव्हता. जाड सुती कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप द्यायचा, वाळल्यावर ते काळे कापड घड्याघड्यांनी पुस्तकासारखे दुमडायचे आणि त्यावर बळपाने, म्हणजे शंखजिऱ्याच्या कांडीने, पांढरी अक्षरे उमटवायची. व्यापाऱ्यांचे हिशेब आणि मठांचे जमाखर्च अशा कडतांवर राहिले. शृंगेरी मठाचे कडत तर अभ्यासकांना चांगलेच परिचित आहेत. कडताची एक सोय होती आणि तेच त्याचे वैगुण्यही होते: लिहिलेले पुसून त्याच जागी नवे लिहिता येई.

मराठी राज्याच्या कागदांची तऱ्हा निराळी. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडात गुंडाळून गाठ मारून ठेवले, आणि त्या गठ्ठ्याला नाव मिळाले ‘रुमाल’. फारसीत रुमाल म्हणजे तोंड पुसायचे वस्त्र. मराठी कारकुनाच्या हातात त्याचे कागद राखायचे वस्त्र झाले. रुमालात कागद कोणत्या आकाराचा असावा, त्यावर काय लिहावे, समासात काय लिहू नये, याची सक्ती नव्हती. जे आले ते बांधले.

वाचकहो, ही शब्दांची उठाठेव करण्याचे कारण संगणकाशी संबंधित आहे. गेले काही महिने आमच्या छोट्या मंडळात एक वाद चालू आहे. आमचे एक गुरुजी होते. बेळगाव, खानापूर आणि चंदगड या टापूत ते गावोगाव फिरले आणि बोलीतले शब्द चिठ्ठ्यांवर टिपत गेले. सुमारे ४००० चिठ्ठ्या मागे ठेवून ते गेले. त्यांतला मोठा भाग काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळावर घालून घेतला होता. त्या व्यावसायिकाने धंदा गुंडाळला, संकेतस्थळ बंद पडले आणि हाती आला तो डेटाबेसचा एक उतारा. आता हा संग्रह पुन्हा उभा करायचा, तो पुन्हा डेटाबेसवर की साध्या फाइलींवर, हा तो वाद.

संगणकाच्या धंद्यात असलेला माझा भाचा फाइलींच्या बाजूचा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या आमच्या बाई डेटाबेसच्या बाजूच्या. मी मधला, आणि मधल्याला दोघांचेही पुरते ऐकून घ्यावे लागते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेटाबेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे पान तुम्ही मागेपर्यंत अस्तित्वातच नसते. तुम्ही मागणी केली की सर्व्हरवर जागा असलेला प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो, मिळालेले तुकडे एका साच्यात बसवतो आणि पान तयार करून हाती देतो. कचेरीतला कारकून प्रत्येक अर्जदाराला मूळ नोंदवहीवरून नवी नक्कल करून देतो, तसेच हे. फाइलींच्या पद्धतीत मजकूर साध्या मजकूर-फाइलींत असतो. त्यात बदल झाला की एक प्रोग्रॅम एकदाच धावतो, सगळी पाने करून ठेवतो आणि झोपी जातो. मग वाचक आला की टेबलावर ठेवलेले छापील पत्रक उचलून द्यावे इतकेच काम सर्व्हरला उरते. विचारायला डेटाबेस नाही आणि रात्रंदिवस जागा राहणारा कारकूनही नाही.

ही गोष्ट नवी नव्हे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत जे पहिले संकेतस्थळ उभे केले ते फाइलींचेच होते. मागणीबरहुकूम पान घडवण्याची सोय दोनेक वर्षांनी आली. २००१ सालचे ‘मूव्हेबल टाइप’ पाने आधीच बांधून ठेवत असे; २००३ साली आलेल्या ‘वर्डप्रेस’ने ती डेटाबेसमधून आयत्या वेळी घडवायला सुरुवात केली आणि बहुतेक जग तिकडे वळले. २००८ साली ‘जेकिल’ आले, २०१३ साली ‘ह्यूगो’ आले, आणि फाइलींची वाट पुन्हा रुळली.

आता आमच्या हाती आलेल्या उताऱ्याविषयी. त्यातल्या काही नोंदींत देवनागरीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचे एक गोल चिन्ह यांची रांग लागली होती. काही नोंदींत नुसती प्रश्नचिन्हे होती. पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच भ्रष्ट वाटतात, पण त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. हेच बाइट कोणी रोमन अक्षरे समजून दाखवले की पहिला प्रकार होतो. आत मूळ बाइट शाबूत असतात, म्हणून योग्य चष्मा लावला की मराठी परत दिसू लागते. प्रश्नचिन्हाची गोष्ट वेगळी. साठवणाऱ्याला ते अक्षर आपल्या कोष्टकात सापडले नाही म्हणून त्याने ते फेकून देऊन तेथे खूण केली. तिथून परत यायला वाट नाही. आमचे दैव एवढेच की गुरुजींच्या चिठ्ठ्या कागदावर आहेत.

भाच्याने यावर मला एक गंमत सांगितली. ‘मायएसक्यूएल’ हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस १९९५ साली स्वीडनमध्ये जन्माला आला. दुसरे काही सांगितले नाही तर तो मजकूर पश्चिम युरोपच्या लिपिसंचात साठवी आणि स्वीडिश वर्णक्रमाने लावी. २०१८ साली आवृत्ती ८ आली तेव्हा कुठे हा रिवाज बदलला. स्वीडिश वर्णमालेत झेडनंतर आणखी तीन स्वर येतात. ते कुठे येतात याची काळजी त्या मंडळींनी घेतली, कारण ती त्यांची भाषा होती. यात मला रागावण्यासारखे काही दिसत नाही. हेवा मात्र वाटतो.

दुसरी गंमत अधिक कडू आहे. त्याच डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने दिलेली सोय बरीच वर्षे एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देई. देवनागरीचे त्यात भागते. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली ती वरच्या मजल्यावर, जिथे प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. चार बाइटांची सोय २०१० सालीच वेगळ्या नावाने आली होती. पण जुनी मांडणी तशीच ठेवलेल्या डेटाबेसमध्ये मोडीचे एक अक्षर घातले तर तो एक तर नोंद नाकारी किंवा त्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापून टाकी. गुरुजींच्या काही चिठ्ठ्यांवर जुन्या कागदांतले मोडी शब्द आहेत, म्हणून ही माहिती मला केवळ तांत्रिक वाटली नाही.

बाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एक फ्लॉपी टेबलावर ठेवली. त्यांच्या ग्रंथालयाच्या जुन्या सूचीची. “यात डेटाबेस नाही, फाइलीच आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या काळच्या मराठी फॉन्टात टंकलेल्या. तो फॉन्ट नसेल तर ‘म’च्या जागी रोमन चिन्ह दिसते. तुमची फाइल अमर असेल तर ही वाचून दाखवा.”

बाईंचे हे म्हणणे मला मोलाचे वाटते. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक फॉन्टाने आपापली अक्षरे आपापल्या खणांत ठेवली. सरकारने १९९१ साली ‘इस्की’ हे प्रमाणक ठरवले होते, पण छपाईच्या धंद्याने ते मनावर घेतले नाही. टिकाऊपणा फाइलीत नव्हता, तो सर्वांना ठाऊक असलेल्या लिपिसंकेतात होता, आणि आपल्याला तो सर्वत्र मिळायला फार वेळ लागला. भाच्याने हे मान्य केले. त्याचे म्हणणे एवढेच की, युनिकोडमध्ये साधा मजकूर ठेवला तर तो उघडायला विशिष्ट प्रोग्रॅम लागत नाही. डेटाबेसचा उतारा मात्र योग्य आवृत्तीचा डेटाबेस पुन्हा उभा केल्यावरच नीट बोलतो.

माझे मत ज्या गोष्टीने फिरले ती मात्र लिपीची नाही, रकान्यांची आहे.

गुरुजींची चिठ्ठी बोटभर लांब. वर शब्द, खाली अर्थ, मग एक वाक्य. पण त्यांचा जीव समासात होता. शब्द कोणी उच्चारला, ती व्यक्ती कोणत्या गावची, लग्न होऊन आलेली की तिथलीच, घरी कन्नड बोलणारी की मराठी, हे सारे ते बारीक अक्षरांत समासात लिहीत. आपल्या भागात, तसेच कोल्हापूरकडे, बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, हे पुण्यामुंबईच्या माणसाला चमत्कारिक वाटते. एखाद्या चिठ्ठीवरचे वाक्य ‘मी बाजारास गेलो’ असे असेल आणि समासात ‘स्त्री, वय साठ’ असे असेल, तर ती चिठ्ठी शब्दापुरती राहत नाही, व्याकरणाचा पुरावा होते. समास काढून टाका, म्हणजे उरते एक अगदी सामान्य वाक्य.

संकेतस्थळ करताना डेटाबेसमध्ये तीन रकाने आखले गेले: शब्द, अर्थ, उदाहरण. टंकलेखकाने रकाने भरले. समासाला रकाना नव्हता, म्हणून समास गेला. कोणी कारस्थान केले नाही, कोणी आळसही केला नाही. आखणी करणाऱ्याने जे विचारले तेवढेच उत्तर मिळाले. रुमालात समासासकट कागद जातो, तक्त्यात तक्त्याएवढाच.

बाईंना हा मुद्दा लागला, पण त्या हटल्या नाहीत. चौथा रकाना आखा, पाचवा आखा, त्या म्हणाल्या. मोकळ्या फाइलीत एक जण ‘खानापूर’ लिहील, दुसरा ‘खानापुर’, तिसरा ‘ता. खानापूर’, मग खानापूर तालुक्यातल्या स्त्रियांच्या तोंडचे सगळे शब्द काढून दाखवा म्हटले तर कसे काढाल? डेटाबेस माणसाला शिस्त लावतो. सूचीशास्त्रात आयुष्य घालवलेल्या व्यक्तीचे हे बोलणे, आणि ते खोटे नाही.

यावर निघालेली तडजोड मला पटली. प्रत्येक शब्दाची एक फाइल. वरच्या चार-पाच ओळींत ठरलेल्या नावांनी ठरलेली माहिती: गाव, तालुका, वर्ष, बोलणारी व्यक्ती. गावांच्या नावांची एकच यादी. यादीबाहेरचे नाव आले तर पाने बांधणारा प्रोग्रॅम अडून बसतो. त्याखाली मोकळी जागा, गुरुजींच्या समासासाठी, जशीच्या तशी. शोध घ्यायचा असेल तेव्हा या फाइलींतूनच ‘एसक्यूलाइट’चा डेटाबेस बांधायचा. रिचर्ड हिप यांनी २००० साली केलेला हा डेटाबेस स्वतःच एक फाइल असतो. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, आणि अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानेही माहितीसंच जतन करण्यासाठी तो शिफारस केलेल्या स्वरूपांत धरला आहे. तो हरवला तर पुन्हा बांधता येतो. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे एकदा ठरले की निम्मा वाद संपतो.

कडताच्या पुसण्याचा प्रश्न उरला. फाइलीवर फाइल लिहिली की जुनी गेली. इथे भाच्याने ‘गिट’ पुढे केले. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००५ साली आपल्या प्रोग्रॅमरांसाठी केलेली ही व्यवस्था प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत केला हे राखून ठेवते. त्याने पडद्यावर एका नोंदीच्या दोन आवृत्त्या शेजारी मांडल्या, फरकाच्या ओळी रंगवल्या, आणि बाई म्हणाल्या, “हे तर पाठभेद!” खरेच होते. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी कित्येक पोथ्या ताडून १९६६ पर्यंत ते काम तडीस नेले. टाकलेला पाठही तळटीपेत जिवंत ठेवायचा, ही त्या परंपरेची शिस्त. बाईंचा विरोध त्या दिवशी थोडा सैल झाला असे मला वाटले. यंत्राने पटवले नाही ते एका जुन्या शब्दाने पटवले.

मराठीच्या काही अडचणी मात्र दोन्ही पक्षांना सारख्याच छळतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो. पण ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, दुसऱ्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दिसायला एक, आत दोन. ‘ॲ’चे तसेच: २००८ साली त्याला स्वतंत्र जागा मिळण्यापूर्वी तो ‘अ’वर चंद्र ठेवून लिहीत, आणि अजूनही लिहितात. शोधणाऱ्याने एका प्रकारे लिहिले आणि नोंद दुसऱ्या प्रकारे असली तर शब्द समोर असून सापडत नाही. आता बांधणीच्या वेळी सगळी फाइल एका प्रकारात आणण्याची व्यवस्था केली आहे.

फाइलीच्या नावावरून तर माझी आणि भाच्याची चांगलीच जुंपली. “मामा, तुम्ही आकडे द्या. देवनागरी नावे फार लांबतात,” असे त्याचे म्हणणे. पत्त्याची नक्कल केली की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. ‘अडकित्ता’ची आठ चिन्हे, म्हणजे बहात्तर. शिवाय मॅक संगणकाची जुनी व्यवस्था फाइलीच्या नावातल्या ‘ऱ’चे ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे करी. अडचणी खऱ्या आहेत. तरी मी हटलो नाही. अडकित्ता हा कन्नडातून आलेला आणि मराठीत मुरलेला शब्द. त्याच्या घरावर त्याचेच नाव हवे, कैद्यासारखा क्रमांक नको. भाच्याने मान तुकवली. एकाच रूपाचे दोन शब्द असतील तिथे पुढे आकडा जोडायचा असे ठरले. लांब पत्ता पाहून कोणाला कंटाळा आला तर येवो.

आणि ‘ळ’. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, म्हणून फाइलींची यादी आपोआप लावली की काल, काळ, काव, कास असा क्रम येतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या पुढे, म्हणजे काल, काव, कास आणि मग काळ. फाइलींना हे शिकवावे लागते. डेटाबेसलाही शिकवावेच लागले असते.

बाईंच्या एका आक्षेपाला मात्र समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. जुन्या संकेतस्थळावर एक फॉर्म होता. चंदगडच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने तो मोबाइलवर उघडायचा, शब्द घालायचा, आणि शब्द साठे. फाइलींच्या व्यवस्थेत ते दार बंद झाले आहे. जागा राहणारा कारकूनच काढून टाकला तर अर्ज घ्यायचा कोणी? शेकडो माणसे एकाच वेळी लिहितात तिथे डेटाबेसला पर्याय नाही. २००३ पासून चालत आलेला मराठी विकिपीडिया फाइलींवर चालला नसता. आमची माणसे मोजकी आहेत, हे खरे. पण बाई म्हणाल्या, “ज्याला दुरुस्ती करता येते तो संग्रहाचा धनी. काल धनी पुष्कळ होते. आज तुमचा भाचा एकटा. तो उद्या बेंगळुरूला गेला की?”

भाचा यावर गप्प बसला, आणि तो गप्प बसला हे मला बरे वाटले. फाइलींची बाजू घेणारे लोक हा प्रश्न फार हलक्याने घेतात. फाइल कोणालाही उघडता येते म्हणून ती कोणालाही सांभाळता येते, असे होत नाही. शेवटी महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींना गिटचे काम शिकवायचे ठरले, आणि बाहेरून येणारे शब्द कागदी चिठ्ठीवर किंवा मोबाइलवर घ्यायचे ठरले. हा तात्पुरता पूल आहे. तो किती दिवस पेलेल ते त्या मुलींच्या लग्ना-नोकऱ्यांवरही अवलंबून आहे.

फाइलींच्या बाजूने एक गोष्ट मी स्वतः पाहिली ती सांगतो. तयार झालेली ‘अ’ ते ‘औ’ची पाने भाच्याने पेनड्राइव्हवर घातली आणि आम्ही ती खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतल्या एका शाळेत नेली. तिथे त्या दिवशी इंटरनेट नव्हते. जुन्या संगणकावर पेनड्राइव्ह लावला आणि पहिले पान उघडले. मुलांनी आधी आपापल्या गावांची नावे शोधली. चौथीतल्या एका मुलीने एका नोंदीखालचा समास मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “ही माझी पणजी असंल.” गाव जुळत होते. नाव समासात नव्हते, त्यामुळे खात्री करायला मार्ग नव्हता. पण तिच्या बाईंनी ते पान तिला छापून दिले.

‘क’च्या चिठ्ठ्या सध्या चालू आहेत. क हे मोठे प्रकरण आहे, दिवाळीपर्यंत पुरेल. बाईंनी फाइलींना संमती दिली ती एका अटीवर: दरवर्षी सगळा संग्रह कागदावर छापून, बांधून, तीन वेगवेगळ्या गावांत ठेवायचा. पहिल्या खंडाच्या बांधणीसाठी त्यांनी स्वतःच जाड मांजरपाट आणून ठेवले आहे.